उभी बाटली, आडवी बाटली : कायदा काय सांगतो, श्रद्धा काय सांगते?



रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात चार माणसे उभी राहिली की अलीकडे एक विषय हमखास निघतो. “आपल्या वस्तीच्या तोंडावर बिअर शॉपी येणार म्हणतात, खरं का?” कोणी म्हणतो, “सरकारनंच परवाना दिला तर आपण कोण अडवणार?” दुसरा हळूच म्हणतो, “आपल्याच लग्नात बाटल्या फुटतात, मग दुकानाला विरोध कोणत्या तोंडानं करायचा?”

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत आणि त्यांना टाळून चालणार नाही. म्हणून आज या पानावर आपण महाराष्ट्रातील दारूविषयक कायदा समजून घेऊ, त्यात झालेले बदल पाहू आणि ख्रिस्ती माणूस म्हणून आपली जबाबदारी कोणती, याचा विचार करू.

१. आपला कायदा मुळात दारूबंदीचा आहे

पुष्कळांना हे ठाऊक नसते. दारूची दुकाने उघडपणे चालतात, म्हणून आपल्याला वाटते की दारू विकणे हा किराणा विकण्यासारखाच धंदा आहे. तसे नाही. आपल्या राज्यात आजही लागू असलेला मूळ कायदा म्हणजे १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम. आज त्याला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. नावातच ‘बंदी’ आहे. दारू बनवणे, विकणे, बाळगणे आणि पिणे याला सर्वसाधारण मनाई आणि परवाना असेल तरच सूट, अशी या कायद्याची रचना आहे. म्हणून तर पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म मिळतो. ‘परमिट रूम’ हा शब्द आपण रोज पाटीवर वाचतो, तो याच परमिटवरून आला.

भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात आरोग्याला अपायकारक असलेली मादक पेये बंद करण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. मद्य हा विषय राज्यांच्या सूचीत येतो. म्हणून बिहारमध्ये २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आणि शेजारच्या गोव्यात मोकळीक, असे चित्र दिसते.

या कायद्याला १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. बलसारा खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. मद्यार्क असलेली औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांवरील बंदी न्यायालयाने रद्द केली, पण कायद्याचा मोठा भाग कायम ठेवला. पुढे १९६० च्या दशकात राज्य सरकारने धोरण सैल केले आणि १९७३ साली देशी दारूचे नियम आले. बंदीचा कायदा पुस्तकात राहिला आणि परवान्याचा दरवाजा उघडला, तो आजतागायत.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. या कायद्याच्या ४५ व्या कलमात धार्मिक संस्कारांसाठी लागणाऱ्या मद्याला मुभा देण्याची तरतूद आहे. वेदीवरचा द्राक्षारस कडक दारूबंदीच्या काळातही कायद्याने मान्य केला. हा आपल्या श्रद्धेचा सन्मान आहे. पण त्या मोकळिकीचा अर्थ ‘ख्रिस्ती लोकांना दारू माफ’ असा नाही. आपले काही शेजारी तसा समज करून घेतात आणि आपणही कधी कधी हसत हसत तो खरा करून दाखवतो.

२. गेल्या काही वर्षांतील बदल

महामार्गावरील दुकाने : १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा निर्णय दिला. कारण होते रस्त्यावरील अपघात. मार्च २०१७ मध्ये वीस हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. जुलै २०१७ मध्ये शहरी हद्दीतील दुकानांना त्यातून वगळता येईल, असे स्पष्ट झाले आणि २०१८ साली काही ग्रामपंचायतींच्या बाबतीत निर्णय राज्यांवर सोपवला गेला. मोठा निर्णय चौदा महिन्यांत कसा आक्रसत जातो, याचे हे उदाहरण आहे.

चंद्रपूर : वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून ती लागू झाली. मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. अवैध विक्री आणि गुन्हे वाढले, असे कारण दिले गेले. ज्या बायका मैलोन्‌मैल पायी चालल्या होत्या, त्यांना काय वाटले असेल, याचा आपण विचार करावा. पण बंदी नुसती जाहीर करून भागत नाही, तिची अंमलबजावणी करावी लागते, हाही धडा त्यात आहे.

सुपर मार्केटमधील वाईन : २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांत स्वतंत्र कपाटात वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष बागायतदारांना त्याचा फायदा होईल, असे सांगण्यात आले. राज्यभर विरोध झाला आणि सरकारला लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागल्या. लोक बोलले तर निर्णयाचा वेग थांबतो, हे यातून दिसले.

सोसायटीची संमती : मार्च २०२५ मध्ये सरकारने विधिमंडळात जाहीर केले की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारातील गाळ्यात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान काढायचे असेल, तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. आपल्यापैकी अनेकजण आता इमारतींत राहतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला दांडी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

करवाढ : जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केले आणि वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जास्तीचे मिळतील, अशी अपेक्षा धरली. १८० मिलिलिटर देशी दारूची किमान किंमत ८० रुपये ठरली. महाग झाल्याने काही लोक कमी पितील. पण ज्या घरात व्यसन पक्के बसले आहे, तिथे बाटली कमी होत नाही. तिथे दूध, शाळेची फी आणि औषध कमी होते. शिवाय ज्या सरकारने दारू कमी करायची, त्याच सरकारची तिजोरी दारूवर भरते, हा पेचही आपण ओळखला पाहिजे.

३. तुमच्या हातात असलेली चाबी

आता ‘आपण कोण अडवणार?’ या प्रश्नाकडे येऊ. २००८ च्या आदेशानुसार महाराष्ट्रातील गावाला दारूचे दुकान मतदानाने बंद करता येते. त्याची रीत थोडक्यात अशी :

(अ) गावातील एकूण महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी सह्यांचे निवेदन द्यायचे.
(आ) राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधिकारी सह्यांची पडताळणी करतात.
(इ) त्यानंतर गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा.
(ई) एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक नव्हे, यादीत नाव असलेल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक! समजा, एखाद्या गावात ८०० महिला मतदार आहेत. २०० सह्या झाल्या, मतदान ठरले. त्या दिवशी ५०० बायका आल्या. ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, ११० जणींनी उभ्या बाटलीवर. कोण जिंकले? दुकान जिंकले! कारण ४०१ मते हवी होती. घरी राहिलेल्या ३०० जणींनी काहीच केले नाही, असे त्यांना वाटले असेल. प्रत्यक्षात त्यांचे गप्प बसणे दुकानाच्या खात्यावर जमा झाले.

म्हणून अशा दिवशी म्हाताऱ्या आजींना रिक्षाने नेणे, कामावर जाणाऱ्या सुनेला सकाळी आधी मत देऊन जायला सांगणे, मुंबईला राहणाऱ्या लेकीचे नाव अजून यादीत असेल तर तिला बोलावणे, ही सगळी कामे नुसत्या सभांपेक्षा मोलाची ठरतात. शहरी प्रभागांसाठीही मतदानाची तरतूद आहे. तिथली अट अर्ज करण्यापूर्वी उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी घ्यावी.

आणखी दोन साध्या गोष्टी. लग्नात किंवा हॉलमध्ये दारू वाटायची तर त्यासाठीही तात्पुरता परवाना लागतो. तसेच संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला जाऊन येताना पिशवीतून स्वस्त बाटल्या आणणे हा महाराष्ट्रात गुन्हा ठरतो. यात्रेहून येताना तीर्थ आणावे, खटला आणू नये!

४. पवित्र शास्त्र काय शिकवते?

“येशूने कानाच्या लग्नात द्राक्षारस केला ना?” हा प्रश्न प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतोच, बहुधा तिसऱ्या पेल्यानंतर. होय, केला. योहानच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते लिहिले आहे. पण तिथे काय घडले ते नीट पाहा. एका गरीब घराची लाज जाणार होती. मरियामातेला ती दिसली आणि प्रभूने ती झाकली. आपल्याकडे मात्र दारूपायी घराची लाज चव्हाट्यावर येते. नवऱ्याला आधार देऊन मांडवाबाहेर नेताना त्या बाईची मान खाली जाते. हे कानाच्या अगदी उलटे झाले.

आपल्या ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी पाप म्हटलेले नाही. वेदीवर अर्पण होणारा द्राक्षारस द्राक्षांचा, शुद्ध आणि न बिघडलेला असावा, असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा ९२४ वा नियम आहे. संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सुचवले. सिराकच्या ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायात बेताने घेतलेल्या द्राक्षारसाने मन आनंदते आणि अतिरेकाने भांडण व कडवटपणा येतो, असा भाव आहे. नीतिसूत्रांच्या २३ व्या अध्यायात तर दारूबाजाचे असे हुबेहूब चित्र आहे की वाचताना आपल्याच गल्लीतला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

पण खरी कसोटी संत पौलाच्या रोमकरांस पत्रात, १४ व्या अध्यायात आहे. माझ्या खाण्यापिण्याने माझा भाऊ अडखळून पडणार असेल तर मी ते टाळणे चांगले, असे तो शिकवतो. मला चालते की नाही, एवढाच प्रश्न नाही. माझ्या शेजारी बसलेल्याचे काय होते, हा प्रश्न आहे. ज्याने सहा महिने मोठ्या कष्टाने पेला दूर ठेवला, त्याला “आज तरी घे रे, पोराचं लग्न आहे” म्हणणारा मित्र नसतो. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात २२९० व्या परिच्छेदात दारूचा अतिरेक टाळावा, असे सांगितले आहे. नशेत गाडी चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानला आहे.

५. कायद्याने सुरुवात होते, शेवट नाही

जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती परवान्याच्या दुकानातली दारू नव्हती. दुकान बंद केले आणि तहान तशीच राहिली, तर माणूस हातभट्टी शोधतो. म्हणून दुकान बंद करणाऱ्या हातांनीच व्यसनी माणसाचा हात धरला पाहिजे.

व्यसन हा आजार आहे. शिव्या, शपथा आणि कोंडून ठेवणे हे त्यावरचे औषध नव्हे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना कोणतीही फी नसते आणि तेथे ओळख गुप्त राखली जाते. फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने आपल्याच समाजातील कित्येकांना सावरले आहे. डब्लिनचा मॅट टॅल्बट हा साधा मजूर. विशीत पगार दारूत घालवणाऱ्या या माणसाने १८८४ साली दारू सोडली आणि ४१ वर्षे, मरेपर्यंत, तिला शिवला नाही. ख्रिस्तसभेने त्याला ‘पूजनीय’ म्हटले आहे. रोजची मिस्सा हा त्याचा आधार होता.

आणि आता दुसरा प्रश्न, “कोणत्या तोंडानं विरोध करायचा?” याचे उत्तर आम्हाला एवढेच सुचते : आधी आपले तोंड पुसून. दुकानाविरुद्ध सही करणाऱ्या घराने आपल्या पुढच्या कार्यात दारूचे टेबल न लावण्याचे ठरवावे. एका घराने ठरवले की दुसऱ्याला धीर येतो. खर्च वाचतो, ते वेगळेच. दोष असलेल्या माणसाने चांगले काम करूच नये, असे नाही. तसे असते तर पेत्र प्रेषित झालाच नसता.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या विभागात मतदार यादीत नाव नसलेल्या किती बहिणी आहेत? त्यांची नावे नोंदवायला कोण मदत करील?
२. आपल्या घरच्या शेवटच्या कार्यात दारूवर किती खर्च झाला? तो कोणाच्या आग्रहाने झाला?
३. व्यसनाशी झगडणाऱ्या एखाद्या कुटुंबाला या आठवड्यात आपण कोणता आधार देऊ शकतो?

प्रार्थना : हे प्रभू, कानाच्या घरी तू आनंद राखलास. आमच्या घरांतील आनंदही राख. जे बाटलीच्या बंधनात आहेत त्यांना मुक्त कर, त्यांच्या बायकामुलांना बळ दे आणि आम्हाला वेळेवर बोलण्याचे व वेळेवर उभे राहण्याचे धैर्य दे. आमेन.