मांडीवरचं पुस्तक

लेक बसायला लागली तेव्हापासून आमच्या घरी मिळून वाचणं चालू आहे. आता ती दुसरीत आहे. एवढ्या काळात जे पक्कं उमगलं ते लिहिते.

१. पान मुलांनीच उलटावं. मजकूर संपला की आपल्याला पुढे जायची घाई होते, पण मुलांचं वाचन तेव्हा चित्रात चाललेलं असतं. एका पुस्तकात स्वयंपाकघराचं चित्र होतं. गोष्ट आईबाबांच्या बोलण्याची, आणि लेकीचं बोट मात्र ओट्याखालच्या मांजरावर. ते वर का बघतंय? पातेल्यावर झाकण का नाही? आजी कुठे गेली? मजकुरात त्या मांजराबद्दल एक अक्षर नव्हतं. चित्रकारानं ते मुलांसाठी ठेवलं होतं आणि मला ते तिनं दाखवलं. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं म्हणूनच आमच्याकडे फार रेंगाळली. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे चित्र मजकुराची सजावट होऊन राहत नाही. त्यांच्या ‘राधाचं घर’मधली माणसं लेकीला शेजारची वाटायची.

२. ‘पुन्हा वाच’ म्हटलं की पुन्हा वाचायचं. कंटाळा आपल्याला येतो, त्यांना नाही. पाठ झालेल्या गोष्टीतूनच मूल स्वतः वाचायला लागतं. वाक्य आठवणीतलं असतं, पण बोट अक्षरांवरून फिरतं, आणि एके दिवशी ऐकलेला आवाज व दिसणारं अक्षर यांची गाठ पडते. ही गाठ घालण्याची घाई आपण करू नये.

३. गोष्ट संपली की परीक्षा नको. ‘यातून काय शिकलीस?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करावा. मुलांना बोलायचं असतंच. अंघोळ करताना, वेणी घालताना ती आपणहून बोलतात.

४. अडखळत वाचणाऱ्या माणसालाही पुस्तक द्या. आमच्याकडे आजी जोडाक्षराशी थांबते, मग पुस्तक मांडीवर ठेवून चित्र बघत आपल्या वऱ्हाडीत सांगायला लागते, “मंग काय झालं बाप्पा, वाघ आला ना!” छापील वाघापेक्षा हा वाघ जास्त लक्षात राहतो. शिवाय आजीची बोली नातीच्या कानावर पडते, याचं मोल मला फार वाटतं.

५. मूल वाचायला शिकलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका. हे सगळ्यांत कळकळीनं सांगते, कारण बहुतेक घरांत नेमकं इथेच ते बंद पडतं. दुसरीतल्या मुलाची दमछाक अक्षरं जुळवण्यात होते. त्याची समज मात्र कितीतरी पुढे गेलेली असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे लेकीला एकटीनं वाचायला अजून जड जातो. मी वाचते तेव्हा मात्र फुरसुंगीच्या या पोराच्या करामती तिला नीट कळतात, आणि प्रकरण संपलं तरी ती उठू देत नाही.

६. पुस्तकांसाठी फार पैसे लागतात असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरही मराठी गोष्टी फुकट मिळतात. तरी लहान मुलांच्या हातात छापील पुस्तकच द्यावं, आणि ते कपाटाच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात, त्यांचा हात पोचेल असं. पानं फाटणारच. चिकटपट्टी त्याच कप्प्यात ठेवावी आणि पान दोघांनी मिळून जोडावं.