जेलीफिश : समुद्रांतील उपेक्षित अन्न

कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीचें पाणी ओसरलें म्हणजे ओल्या वाळूंत कांचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत गोळा पडलेला आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. हाच जेलीफिश. नांवांत ‘फिश’ असलें तरी हा मासा नव्हे. त्यास हाड नाहीं, हृदय नाहीं, मेंदूही नाहीं. त्याच्या शरीराचा सुमारें ९५ टक्के भाग निव्वळ पाणी असतो. छत्रीसारखें अंग मिटीत व उघडीत तो पोहतो, आणि खालीं लोंबणाऱ्या विषारी तंतूंनीं सूक्ष्म जीव, माशांचीं अंडीं व पिलें पकडून खातो. कोळ्याच्या जाळ्यांत हा शिरला कीं जाळें जड होतें, हातांची आग होते, आणि मासळी मात्र थोडीच हातीं लागते. असा हा प्राणी कोणाच्या काय उपयोगाचा, असें कोणासही वाटेल.

शास्त्रज्ञांचें मतही पुष्कळ काळ याहून फारसें निराळें नव्हतें. समुद्रांत सूक्ष्म वनस्पतींवर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांवर लहान मासे व लहान माशांवर मोठे मासे जगतात. या परंपरेंत जेलीफिश इतरांस खातो खरा, परंतु त्यास खाणारे फार थोडे. म्हणून त्याच्या पोटांत गेलेलें अन्न पुढें कोणाच्या कामीं येत नाहीं, अशी समजूत होती. ज्याचें बहुतेक अंग पाण्याचेंच, त्यास खाऊन कोणाचें पोट भरणार ?

या समजुतीस आणखी एक कारण होतें. कोणता प्राणी काय खातो हें ठरविण्यासाठीं त्याचें पोट चिरून पाहण्याची रीत होती. पोटांत माशांचे कांटे सांपडतात, कोळंबीचें कवच सांपडतें. जेलीफिश मात्र पाहतां पाहतां विरघळून जातो. पंगत उठल्यावर पानांत आंब्याची कोय दिसते, पण प्यालेल्या ताकाची खूण कोठें राहते ? सन २००३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसून आलें कीं, सामन जातीच्या एका माशाच्या पोटांत जेलीफिशसारख्याच एका मऊ, पारदर्शक जीवाचें पचन कोळंबीच्या पचनाहून वीसपटींपेक्षांही अधिक वेगानें होतें. पुरावा नव्हता असें नाहीं. पाहणारा पोहोंचण्यापूर्वींच तो नाहींसा होत होता.

पुढें साधनें बदललीं. प्राण्यांच्या विष्ठेंतील डीएनए तपासतां येऊं लागला, आणि खुद्द प्राण्यांच्या पाठीवर लहान कॅमेरे बसवितां येऊं लागले. सन २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अशा चित्रणांत पेंग्विन पक्ष्यांच्या चार जाती जेलीफिशवर व तत्सम जीवांवर चोंच मारतांना दिसल्या. मृत जेलीफिशही वायां जात नाहीं. नॉर्वेंतील सोग्नेफ्योर्ड या खोल खाडींत शास्त्रज्ञांनीं मृत जेलीफिश सुमारें १,२५० मीटर खोल तळावर सोडले, तेव्हां तळाच्या माशांनीं, खेकड्यांनीं व कोळंब्यांनीं त्यांचा थोड्याच तासांत फडशा पाडला. हें संशोधन सन २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें.

परंतु सर्वांत नवल वाटावें असें उदाहरण चर्मपृष्ठ कासवाचें आहे. हें जगांतील सर्वांत मोठें समुद्री कासव. त्याच्या पाठीवर कठीण कवचाऐवजीं चामड्यासारखी त्वचा असते, आणि त्याचें मुख्य अन्न म्हणजे जेलीफिश. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ या कासवांवर कॅमेरे बसवून केलेलें संशोधन सन २०१२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यांतील हिशेबाप्रमाणें एक कासव दिवसाला सरासरी ३३० किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारें ७३ टक्के, इतके जेलीफिश खातें ! अन्न सकस नसलें तरी तें विपुल आहे, पळून जात नाहीं व झटकन् पचतें. म्हणून अशा पाणचट अन्नावरही एवढा अवाढव्य देह पोसला जातो.

हींच कासवें आपल्या देशांत अंदमान व निकोबार बेटांच्या वाळूंत अंडीं घालण्यास येतात. त्यांच्या घशांत आंतल्या बाजूस वळलेले कांटे असतात. त्यांमुळें गिळलेला निसरडा जेलीफिश बाहेर निसटत नाहीं. पण हीच सोय त्यांच्या जिवावरही उठते. पाण्यांत तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्यांस जेलीफिशसारखीच दिसते, आणि एकदां गिळलेली पिशवी त्या कांट्यांमुळें बाहेर टाकणें कठीण होऊन बसतें. मग आंतडीं तुंबून कांहीं कासवें प्राणास मुकतात.

विद्यार्थिमित्रहो, आपण नाल्यांत सहज टाकलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर नदीस व नदीबरोबर समुद्रास मिळते. वाळूंतील त्या बुळबुळीत गोळ्यास आपण निरुपयोगी म्हणत होतों. तो तर कित्येकांचें अन्न ठरला. त्याच्या रूपानें कासवाच्या मुखीं जाणारी पिशवी मात्र खरोखर कोणाच्याच उपयोगाची नाहीं. ती समुद्रापर्यंत जाऊं न देणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.