गाणं म्हणणं, गाणं लागणं, गाणं लावणं

‘लहानपणी ऐकलेली गाणी आजही ऐकता का?’ हा साधा प्रश्न मी गेल्या दोन महिन्यांत घरी, चर्चच्या गायनवृंदात आणि वर्गात बऱ्याच जणांना विचारला. वर्गातला मित्र म्हणाला, “लावतो ना कधी कधी.” आई म्हणाली, “कुठं लागलं तर ऐकते की.” आणि भालकी तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली माझी आजी म्हणाली, “ऐकायचं कुठलं? आमी म्हनायचो.”

आपण भाषेचे विद्यार्थी, म्हणून उत्तरांपेक्षा त्यातली क्रियापदं बघू. म्हणणं, लागणं, लावणं. ‘आजी गाणं म्हणते’ या वाक्यात कर्ता माणूस आहे आणि आवाजही त्याचाच आहे. ‘रेडिओवर गाणं लागलं’ इथं कर्ता गाणंच. आपण फक्त हजर असतो. ‘मी गाणं लावलं’ इथं कर्ता परत माणूस, पण आवाज दुसऱ्याचा. लागणं अकर्मक, लावणं सकर्मक, एवढं व्याकरण शाळेत झालंय. पण आपल्या भागात तीन पिढ्यांत गाण्याचं काय झालं, ते या तीन क्रियापदांत नीट सापडतं असं मला वाटतं.

म्हणणं

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. काळ 1129 च्या सुमारास. त्यात असा उल्लेख येतो, की महाराष्ट्रातल्या बायका धान्य कांडताना ओवी गातात. ओवीच्या सगळ्यात जुन्या उल्लेखांपैकी हा एक. आणि ही कल्याणी म्हणजे आपलं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं! म्हणजे मराठी बाईच्या गाण्याची इतकी जुनी नोंद आज कर्नाटकात असलेल्या राजधानीतून आलेली आहे. सीमाभागात मराठीचं काय काम, असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगते.

त्या नोंदीत गाण्याबरोबर कामही आलंय, हे महत्त्वाचं. ओवी नुसती बसून म्हणायची नव्हती. आजीला मी “एक ओवी म्हण की” म्हटलं, तर तिला दोन ओळींच्या पुढं जाता येईना. मग तिनं उजवी मूठ खुंटा धरल्यासारखी केली, हात गोल फिरवायला लागली, आणि एकामागून एक ओव्या आल्या. भाऊ आला, माहेर आलं, विठोबा आला आणि मरियामाताही आली. आम्ही कॅथलिक, पण जात्यावर कोण कुठल्या धर्माचं हे कुणी विचारत नव्हतं. शेजारणीची ओवी आपली होत होती, फक्त नाव बदलायचं.

गावात पिठाची गिरणी आली आणि पहाटेचं ज्वारी दळणं गेलं. बायकांची ढोर मेहनत वाचली, हे चांगलंच झालं. पण काम गेलं तसं त्याच्या अंगावरचं गाणंही गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतात. हे काम फार मोठं आहे. तरी ती गाणी आता आपण ‘लावतो’, ‘म्हणत’ नाही.

मग म्हणायची सगळीच गाणी संपली का? नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरला बघा. माणिकप्रभूंनी (1817–1865) मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदं रचली, आणि ती तिथं आजही म्हटली जातात. दीडशे वर्षं ती का टिकली? त्यांना जागा आहे, वेळ आहे, दत्तजयंतीचा उत्सव आहे. गाणगापूरला जाणाऱ्या दत्तभक्तांना विचारा. आरत्या पाठ करायला कुणी बसलेलं नसतं, त्या दरवेळी म्हणून पाठ झालेल्या असतात. ओवीचं निमित्त गेलं, पदांचं राहिलं. फरक गोडीचा नाही, निमित्ताचा आहे.

लागणं

आईच्या लहानपणी घरात एक रेडिओ होता आणि तो आजोबांच्या ताब्यात होता. ‘लागणं’ या शब्दात वाट बघणं आहे. गाणं लागेल तेव्हा लागेल. मधे स्वयंपाकघरातून पळत यायचं. स्टेशनसुद्धा ‘लागायचं’. दिवसा गुलबर्ग्याचं कन्नड केंद्र स्पष्ट लागायचं आणि रात्री लांबची मराठी केंद्रं खरखरत यायची. याला कारण आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा वातावरणातल्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो आणि त्याच्या वरचा थर त्या लहरी जमिनीकडं परत पाठवतो. म्हणून आमच्या घरात कन्नड दिवसाची आणि मराठी रात्रीची, असं आई हसत सांगते.

रेडिओला राज्याची हद्द कळत नाही. पुणे आकाशवाणीवर 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर चाललं. एकूण 56 गीतं. ते एप्रिल 1956 मध्ये संपलं तेव्हा बिदर, उदगीर, निलंगा हे सगळे हैदराबाद राज्यातल्या एकाच बिदर जिल्ह्यात होते. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली. उदगीर, निलंगा मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. शाळा बदलल्या, कचेऱ्यांची भाषा बदलली. रेडिओचा काटा मात्र दोन्हीकडं सारखाच फिरत राहिला.

‘लागलेलं’ गाणं परत ‘म्हणायचं’ होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण म्हणजे पंडित भीमसेन जोशी. जन्म 1922 चा, गदग भागातला, घरची भाषा कन्नड. लहानपणी दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून ते वेडे झाले आणि अकराव्या वर्षी गाणं शिकायला घर सोडून निघाले, असं सांगतात. पुढं याच गायकानं ‘संतवाणी’तून मराठी अभंग घराघरांत नेले आणि कन्नड दासवाणीही तितक्याच जीवानं गायली. आमच्या गल्लीतलं भजनी मंडळ आज जे अभंग म्हणतं त्यांच्या चाली बऱ्याचशा पोथीतून नाही, भीमसेनजींच्या रेकॉर्डवरून आलेल्या आहेत. म्हणजे गाणं यंत्रातून माणसाच्या तोंडात परत आलं.

लावणं

कॅसेट आली आणि गाणं आपल्या हातात आलं. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. तरी तिच्यात एक शिस्त होती: क्रम ठरलेला. अजूनही एक गाणं संपलं की मामांच्या तोंडात पुढच्या गाण्याची सुरुवात आपोआप येते, कारण कॅसेटवर ते पुढचंच होतं. मोबाईलनं तोही क्रम काढून टाकला. आता आमच्या घरात चार माणसं, चार मोबाईल, चार इअरफोन. प्रत्येकाला हवं ते मिळतं, पण कोण काय ऐकतंय हे दुसऱ्याला माहीत नसतं. माझ्यानंतरच्या पिढीला ‘घरातलं गाणं’ असं काही आठवेल का, याची मला शंका आहे.

चर्चमध्ये मात्र उलटा प्रवास झाला, आणि मला ते फार शिकण्यासारखं वाटतं. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असायची. गायनवृंद गायचा आणि बाकीचे बहुतेक ऐकायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर 1963 मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषांना वाट मोकळी झाली. ऐकणारे म्हणणारे झाले. तशी मराठी ख्रिस्ती गाण्याची मुळं त्याहून जुनी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं आणि ते ओवीतच आहे. जन्मानं इंग्रज असलेल्या माणसानं जात्यावरच्या बाईचा आणि ज्ञानदेवांचा छंद उचलला. प्रॉटेस्टंट मंडळींत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) अभंग आणि भजनाच्या वळणावर ख्रिस्तगीतं लिहिली. लोकांच्या तोंडात बसायचं तर त्यांच्याच चालीत बसलं पाहिजे, हे दोघांनाही कळलं होतं.

आमच्या चर्चमध्ये रविवारची मिस्सा कन्नडमध्ये असते, आणि ते योग्यच आहे, कारण बहुतेकांची भाषा ती आहे. मराठी गाणी उरलीत नाताळात, घरच्या रोझरीत आणि मयताच्या घरी. माझा धाकटा भाऊ इंग्रजी माध्यमात शिकला. मराठी वाचायला तो अडखळतो. पण नाताळची आठ-दहा मराठी गाणी त्याला तोंडपाठ आहेत, आणि ‘करुणा’, ‘तारण’, ‘गोठा’ हे शब्द त्याला तिथूनच कळलेत. त्याची मराठी म्हणजे काही अंशी ही गाणीच. ती म्हणायचं निमित्त गेलं, तर त्याच्याकडून नुसती गाणी जाणार नाहीत.

म्हणून ‘अजून ऐकता का?’ यापेक्षा ‘अजून म्हणायला जागा आहे का?’ हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो. ऐकण्याची सोय आज कधी नव्हती इतकी आहे. कमी झालीय ती म्हणायची निमित्तं.

आता अभ्यास. घरातल्या किंवा शेजारच्या साठीपुढच्या एका माणसाजवळ बसा. वहीत तीन रकाने करा: म्हणायचो, लागायचं, लावतो. प्रत्येक गाण्यापुढं तीन गोष्टी लिहा: तेव्हा हातात काय काम होतं, वेळ कुठली, भाषा कुठली. मराठी, कन्नड, दखनी मिसळलेली असेल तर तशीच लिहा, शुद्ध करू नका. आवाज घेण्याआधी विचारा. गाणं अडलं तर आठवायला सांगू नका. ते काम हातानं करून दाखवायला सांगा.

आणि मंडळाला एक सूचना. पुढच्या बैठकीपासून सुरुवातीला एकानं आपल्या घरातलं एक गाणं म्हणावं आणि बाकीच्यांनी मागं म्हणावं. मोबाईल पिशवीत. सूर लागला नाही तरी चालेल. एक वर्षात दहा-बारा गाणी आपल्या सगळ्यांच्या तोंडात बसतील, आणि त्यांना महिन्यातून एकदा तरी हक्काची जागा मिळेल.