टेम्प्लेट जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं?

एआयकडून चित्रं काढून घेणाऱ्यांकडे आज टेम्प्लेटना तोटा नाही. अशी चित्रं काढणारं कम्फीयूआय हे सॉफ्टवेअर जानेवारी २०२३मध्ये आलं आणि नोडला नोड, म्हणजे कामाचा एकेक टप्पा पुढच्याला, जोडून आखलेली सगळी प्रक्रिया टेम्प्लेट म्हणून एका जेसन फाइलमध्ये साठवायची सवय लागली. पुढे काय होतं ते या कामातल्या कोणालाही ठाऊक आहे. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा फाइली साचत जातात आणि काही महिन्यांनी त्यातली एखादी उघडली की पडद्यावर लाल चौकटी दिसतात. यावर फाइलींना नीट नावं द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण दुखणं वेगळंच आहे. त्या फाइलीत नुसती जोडणी, आकडे, प्रॉम्प्ट आणि मॉडेलची नावं असतात. चित्र ज्यांच्या जोरावर उमटतं ते चेकपॉइंट (मूळ मॉडेल), लोरा (मॉडेलला विशिष्ट धाटणी देणारी जोडफाइल) आणि कस्टम नोड (इतरांनी लिहिलेले जादा नोड) फाइलीबाहेर, डिस्कवर असतात. ते बदलले की टेम्प्लेट तेच राहिलं तरी चित्र तेच राहत नाही.

लाल चौकट एकवेळ परवडली, कारण ती निदान काहीतरी हरवल्याचं सांगते. खरा धोका मुकाट्याने होणाऱ्या बदलाचा आहे. टेम्प्लेट मॉडेलला ओळखतं ते फाइलच्या नावावरून, आतल्या मजकुरावरून नव्हे. जुन्या लोराच्या जागी त्याच नावाची नवी आवृत्ती ठेवली तर कुठलीही तक्रार न होता वेगळा चेहरा उमटतो. सीडचं, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याचंही तसंच. चित्र घडवणाऱ्या केसॅम्पलर नोडमध्ये सीडच्या आकड्याखाली, चित्र झाल्यावर त्या आकड्याचं काय करायचं हे ठरवणारा पर्याय असतो. तो ‘रँडमाइझ’वर असेल तर नेहमीच्या मांडणीत चित्र रांगेत टाकताक्षणी आकडा बदलतो. मग समोरचं चित्र आवडलं म्हणून घाईघाईने जेसन साठवली, तर तिच्यात जातो तो पुढच्या चित्राचा सीड. म्हणून साठवण्याआधी सीड ‘फिक्स्ड’ करावा, चित्र पुन्हा काढून पाहावं आणि ते नमुना म्हणून टेम्प्लेटशेजारीच ठेवावं. नंतर कधीही शंका आली तर ताडून पाहायला तोच आधार असतो.

मॉडेल काय, कधीही पुन्हा उतरवून घेता येईल, हा भरवसाही फोल आहे. ऑगस्ट २०२४मध्ये रनवे कंपनीने हगिंग फेस या मॉडेलच्या संकेतस्थळावरचं आपलं स्टेबल डिफ्यूजन १.५चं पान काढून टाकलं. प्रती इतरत्र होत्या, पण त्या पत्त्यावर विसंबलेल्या जोडण्या तुटल्या. म्हणून फाइलची स्वतःची प्रत ठेवावी आणि तिचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, नोंदवून ठेवावा. कस्टम नोडच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं, कारण तो तुमच्या संगणकावर चालणारा परका प्रोग्राम असतो. जून २०२४मध्ये एलएलएमव्हिजन नावाचा कस्टम नोड ब्राउझरमधले पासवर्ड चोरत असल्याचं उघड झालं. कोणाचं तरी टेम्प्लेट उघडायचं, ‘नसलेले नोड बसवा’ हे बटण दाबायचं आणि पुढे जायचं, ही सवय त्यामुळेच सोडायला हवी. जे काम मूळच्या नोडनी भागतं त्यासाठी बाहेरचा नोड घेऊच नये. घेतलाच तर त्याची आवृत्ती लिहून ठेवावी आणि हातात काम असताना ‘सगळं अपडेट करा’च्या वाटेला जाऊ नये.

यावर कोणी म्हणेल, कम्फीयूआयने साठवलेल्या पीएनजी चित्रातच सगळा वर्कफ्लो असतो, चित्र आत ओढून टाकलं की झालं. सोय उत्तम आहे, पण त्या चित्रातही नावंच असतात, मॉडेल नसतं. शिवाय चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेलं किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून जेपीजी होऊन निघालं, की ती माहिती सहसा गळून पडते. उलट मूळ फाइल जशीच्या तशी ग्राहकाला दिली तर तुमचा प्रॉम्प्ट आणि सगळी जोडणीही त्याच्या हाती जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॉडेल इतक्या झपाट्याने बदलतात, मग जुनं जपून करायचं काय? एकेकटं चित्र काढणाऱ्याच्या बाबतीत हे मला मान्य आहे. पण दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ केलं आणि महिन्याभराने संपादकांनी आतल्या कथांसाठी त्याच धाटणीची चित्रं मागितली, तर नवं मॉडेल कितीही सरस असलं तरी उपयोगाचं नाही. उदाहरणार्थ, स्टेबल डिफ्यूजन १.५ मुळात ५१२ पिक्सेलच्या चौकोनावर तयार झालं, त्याच मालिकेतलं नंतरचं एसडीएक्सएल १०२४वर, आणि एकाचा लोरा दुसऱ्यावर चालत नाही. धाटणी तशीच्या तशी उचलून पलीकडे नेता येत नाही, ती नव्याने बसवावी लागते. एकट्याने काम करणाऱ्याला एवढं सांभाळायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्नही रास्त आहे. पण जपायचं आहे ते फक्त ज्यातून छापलेलं किंवा पैसे घेतलेलं काम बाहेर पडलं तेवढंच. त्याचा एक फोल्डर करावा, त्यात जेसन, नमुना चित्र आणि मॉडेल-नोडच्या नोंदीची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवावी. बाकीच्या ‘फायनल’ फाइली खुशाल पुसून टाकाव्यात.