हात धुतले, अंतःकरणाचे काय?

वारकरी बंधुभगिनींनो, सोवळे-ओवळे हा विषय आपल्याच घरचा, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. परंतु बायबलातील मार्ककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचला, आणि तोच तंटा तेथेही आढळला.

प्रसंग असा. येशूचे काही शिष्य हात न धुता जेवत होते. यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांनी व परूशी लोकांनी ते पाहिले. हे परूशी कोणी अधर्मी नव्हेत. नेमधर्म कसोशीने पाळणारे यहुदी. जेवणाआधी हात धुणे, बाजारातून आल्यावर शुद्ध होणे, भांडी धुणे ही त्यांच्या वाडवडिलांची रीत. ती तुझे शिष्य का मोडतात, असे त्यांनी येशूला विचारले. येशूने मात्र गोष्ट काढली ती घरच्या म्हाताऱ्या आईबापांची.

त्या लोकांत 'कुर्बान' नावाचा नवस असे. एखादी वस्तू कुर्बान म्हटली, की ती देवाला वाहिली. मग दुसऱ्याला तिचा उपयोग नाही. आता एखादा मुलगा आईबापांस म्हणे, माझ्याकडून तुम्हांला जे मिळायचे ते मी कुर्बान केले. झाले! देवाचे नाव पुढे, आणि म्हातारी माणसे उपाशी. येशूचा राग होता तो यावर. बाहेरून पोटात जाणाऱ्या अन्नाने माणूस विटाळत नाही. लोभ, कपट, गर्व हे आतून निघते, त्याने विटाळतो, असा त्याच्या बोलण्याचा भावार्थ.

मग विधी टाकूनच द्यावेत काय? तसेही नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू वेदीवर अर्पण करू नका असे म्हणत नाही. मात्र भाऊ आपल्यावर नाराज आहे असे तेथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण करावे, असे सांगतो. विधी राहतो, पण आधी माणूस, मग विधी.

आपल्या महाराष्ट्रात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांवर त्यांचे मोठे प्रेम. ख्रिस्तभक्तीचे अभंगही त्यांनी रचले. पुढे १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. पाण्याचा संस्कार झाला नाही एवढ्यासाठी त्यांनी भक्ताला दाराबाहेर ठेवले नाही.

हे आपल्याला परके का वाटावे? आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, हे आपण जाणतोच. तरीही भावाशी अबोला आणि एकादशीला फराळाचा थाट, आईच्या औषधाला मात्र पैसे नाहीत, असे आम्ही पाहिले आहे. खरं सांगायचं तर थोडंफार केलंही आहे. म्हणून हरिपाठाला बसण्याआधी आज एवढे करू या. ज्याचे मन आपण दुखविले, त्याला आठवू आणि उठून त्याच्या दाराशी जाऊ. देव तोवर थांबेल. त्याला उभे राहण्याची सवय आहे.