नवा संगणक जुन्या पेटीशी का बोलत नाही?

दुकानातला माल गेला तर पुन्हा भरता येतो, पण उधारीची वही गेली तर व्यापाऱ्याचा शब्दच जातो. कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाला किती देणे आहे, ही दोन्हीकडची अमानत असते. आता ही वही कागदावर राहिलेली नाही. अनेकांच्या घरी राउटरशेजारी एक छोटी पेटी असते. तिच्यात हार्ड डिस्क असून घरातील व दुकानातील सगळे संगणक तीच वापरतात. बाजारात तिला नेटवर्क स्टोरेज किंवा ‘नॅस’ म्हणतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे पुष्कळांनी नवे संगणक घेतले आणि त्यांना ही जुनी पेटी दिसेनाशी झाली. आमच्यावरही हाच प्रसंग आला, म्हणून हा धडा लिहीत आहोत.

चौसाळ्यात आमचे खाली कापडाचे दुकान आणि वर घर. पेटी २०१२ सालची. मालेगाव व इचलकरंजीच्या मालाची बिले आणि आसपासच्या खेड्यांतील गिऱ्हाइकांची उधारी तिच्यात. नवा संगणक लावला आणि पेटी गायब! एकाने सांगितले, डिस्क जळाली. दुसरा म्हणाला, मागच्या छिद्रात सुई घालून रीसेट करा. तिसऱ्याच्या सल्ल्याने आम्ही डिस्क काढून संगणकाला जोडली, तर पडद्यावर प्रश्न आला की डिस्क फॉरमॅट करायची का? पुतण्याचे बोट ‘हो’वर जाणार, तोच आम्ही त्याचा हात धरला. बारा-तेरा वर्षांचा हिशेब एका बोटाच्या अंतरावर होता.

नंतर उमगले की डिस्क धडधाकट होती. अशा बहुतेक पेट्या लिनक्स पद्धतीने डिस्क लिहितात आणि विंडोजला ती वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅटचे विचारते. येथे ‘हो’ कधीही म्हणू नये. रीसेटने काही पेट्यांत फक्त पासवर्ड पुसला जातो, तर काहींत सर्व डेटा जातो. सबब, माहितीपुस्तक वाचल्याशिवाय सुईला हात लावू नये.

मर्ज काय आहे?

आमचे वडील हिशेब उर्दूत लिहीत. आज आमच्या मुलाला ती वही वाचता येत नाही. वही खराब झालेली नाही, वाचणारा बदलला आहे. येथेही तसेच आहे. संगणक व पेटी एकमेकांशी एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत तयार झाली. दुसरी विंडोज व्हिस्टाबरोबर, तर तिसरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली. अनेक जुन्या पेट्यांना पहिलीच भाषा येते. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१७ मधील आवृत्तीपासून मात्र मायक्रोसॉफ्टने ती नव्या संगणकात आपोआप बसवणे बंद केले.

कारण मोठे होते. या पहिल्या भाषेच्या व्यवहारात एक भगदाड सापडले होते. मार्च २०१७ मध्ये त्याची दुरुस्ती निघाली, पण लाखो संगणकांवर ती बसवली गेली नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ व्हायरस याच भगदाडातून जगभर पसरला. २७ जून २०१७ रोजी आलेल्या ‘नॉटपेट्या’ने पसरण्यासाठी इतर मार्गांबरोबर हेच भगदाड वापरले. त्यात मर्स्क समूह सापडला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. ज्यांचे कंटेनर तेथे अडकले त्यांना याची किंमत कळली. तेव्हा दार बंद झाले ते आपल्या भल्यासाठीच, हे आधी मान्य करावे.

तपासणीचा क्रम

हकीम आधी नाडी पाहतो, मग दवा देतो. आपणही क्रमाने जावे.

पहिले, पेटीचे दिवे व केबल पाहावी. संगणक त्याच राउटरवर आहे ना? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल तर पेटी दिसणार नाही.

दुसरे, राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिच्यातून पेटीचा पत्ता टिपावा. तो साधारण १९२.१६८.१.५० असा असतो. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा (\\) देऊन हा पत्ता इंग्रजी अंकांत टाइप करावा. ‘नेटवर्क’च्या यादीत पेटीचे नाव दिसत नाही म्हणजे ती बंदच आहे असे नव्हे. जुन्या पेट्यांची नावे शोधण्याची पद्धतही पहिल्याच भाषेवर अवलंबून होती. आमच्या ओळखीच्या एकाचे काम एवढ्यानेच झाले.

तिसरे, पडद्यावरचा संदेश शांतपणे वाचून कागदावर उतरवावा. त्यात ‘एसएमबी१’ असे आले तर भाषेचा मर्ज आहे. ‘गेस्ट ॲक्सेस’ अडवल्याचे आले तर पेटी विनापासवर्ड उघडी आहे आणि संगणक तिच्यावर भरवसा ठेवत नाही. ‘सिग्नेचर’चा उल्लेख आला तर संगणक प्रत्येक निरोपावर सही मागत आहे. विंडोज ११ प्रोमध्ये २०२४ सालच्या २४एच२ आवृत्तीपासून या शेवटच्या दोन्ही बाबतींत सक्ती आली आहे.

चौथे, इलाज शक्यतो पेटीवर करावा. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की पेटीचे पान उघडते. तेथे कंपनीचे नवे फर्मवेअर असल्यास बसवावे, एसएमबी२ किंवा एसएमबी३ चालू करावे, गेस्ट बंद करून नाव व पासवर्डसह खाते उघडावे. संगणकाने विचारल्यावर हेच नाव व पासवर्ड द्यावा. संगणक उघडण्याचा पिन येथे चालत नाही. जुना चुकीचा पासवर्ड साठलेला असेल तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मधून काढून टाकावा.

पेटीला फक्त जुनीच भाषा येत असेल तर

आमच्या पेटीचे हेच निघाले. अशा वेळी पेटी वाचवायची नसते, माल बाहेर काढायचा असतो. जुना संगणक अजून पेटी उघडत असेल तर त्यावरूनच बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सर्व उतरवावे. तो नसेल तर राउटरची इंटरनेटची तार काढावी. घरातील जोडणी तरीही चालते. नव्या संगणकावर कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स’ येथे जाऊन एसएमबी १.० खालील फक्त ‘क्लायंट’वर खूण करावी, ‘सर्व्हर’वर नको. संगणक पुन्हा सुरू करून सर्व फाइली उतरवाव्यात. फाइलींची संख्या व आकार जुळवावा, पाच-दहा खाती उघडून पाहावीत, मग खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा आणि त्यानंतरच इंटरनेट जोडावे.

ही खूण कायम ठेवण्याचा मोह होतो. काम सोपे होते, पण ते भगदाडाचे दार पुन्हा उघडे ठेवण्यासारखे आहे. जुनी पेटी इंटरनेटला जोडलेली ठेवण्याचा परिणामही जगाने पाहिला आहे. २०१५ नंतर दुरुस्ती न मिळालेल्या ‘माय बुक लाइव्ह’ पेट्या जून २०२१ मध्ये अनेक देशांत दुरूनच पुसल्या गेल्या.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. उधारी तर त्याहूनही जुनी असते. म्हणून आता आम्ही दोन प्रती ठेवतो. एक यूएसबी डिस्कवर, जी काम झाले की काढून कपाटात जाते, आणि दुसरी बीडला नातेवाइकांकडे. आपली पेटी आज चालत असेल तर आजच प्रत काढावी. बंद पडल्यावर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, हिशेब परत आणून देणारा क्वचितच भेटतो.