जबडा रुंद करण्याचा खर्च: आधी विचारा, हाड सरकणार की दात?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, तर डॉक्टर बहुधा टाळूला एक्सपांडर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारं उपकरण, बसवायला सांगतात. पुण्या-मुंबईच्या खाजगी दवाखान्यांत त्याचे साधारण १०,००० ते २५,००० रुपये पडतात. घासाघीस करण्याआधी एक विचारा: या रुंदीतली किती हाडाची आणि किती दातांची?

टाळूच्या मधोमध दोन हाडांचा सांधा असतो. दाढांवर बसवलेल्या एक्सपांडरचा स्क्रू किल्लीने एकदा फिरवला की तो साधारण पाव मिलिमीटर उघडतो. हे काम रोज घरी आई-वडीलच करतात. किल्लीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळा, म्हणजे ती मुलाच्या घशात जाणार नाही. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. घाबरू नका, सांधा उघडल्याची ती खूण आहे. पुढच्या काही महिन्यांत ती बहुतेक आपोआप मिटते. फट पडलीच नाही आणि दाढा मात्र बाहेर झुकताना दिसल्या, तर किल्ली थांबवून डॉक्टरांना गाठा.

लहान मुलांतही सगळी रुंदी हाडात मिळत नाही. निम्म्याच्या आसपास दाढा झुकण्यातून येते. वय वाढेल तसा हाडाचा वाटा घटतो. झुकलेल्या दाढांची आतली टोकं खाली येतात, चावा पुढून उघडतो. चेहरा मुळात लांबट असेल तर हे जपावं लागतं. मोठ्या वयात नुसते दात ढकलले तर बाहेरचं हाड पातळ होतं, हिरड्या उतरतात. म्हणून पंधरा-सोळानंतर टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून जबडा रुंद करतात. तिथे खर्च ४०,००० च्या पुढे जातो. सांधा पक्का जुळलेला असेल तर शस्त्रक्रिया, आणि बिल लाखाच्या घरात. योग्य वयात केलेलं काम स्वस्त पडतं, ते या कारणाने.

काढता-घालता येणारी प्लेट बरीच स्वस्त असते, पण ती मुख्यतः दातच झुकवते. थोडकीच अडचण असेल तर चालते.

स्क्रू फिरवणं दोन-तीन आठवड्यांत संपतं. त्यानंतर एक्सपांडर चार ते सहा महिने तोंडात तसाच ठेवावा लागतो, कारण उघडलेल्या सांध्यात नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. अन्न अडकतं म्हणून लवकर काढून घेऊ नका; जबडा पुन्हा अरुंद झाला तर पैसे वाया जातात.

कोटेशन लेखी घ्या. एक्स-रे, दाढेवरचा सुटलेला बँड (कडं) पुन्हा चिकटवणं, रिटेनर (नंतर रुंदी टिकवणारी प्लेट) हे त्यात धरलंय का ते पाहा. पुढे तारा लागल्याच तर त्यांचे ३५,००० ते ७०,००० वेगळे. आरोग्यविम्यातून हा खर्च सहसा मिळत नाही.

नुसत्या घोरण्यावर उपाय म्हणून कोणी एक्सपांडर सुचवला, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकाचा तळ थोडा रुंद होतो हे खरं, पण घोरण्याचं मूळ वाढलेल्या टॉन्सिल्समध्येही असू शकतं.

हात आखडता असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत रुग्णालय किंवा गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय गाठा. उपचार पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात. खर्च खाजगीपेक्षा खूप कमी, पण खेटे जास्त. शाळेच्या सुट्ट्या पाहून सुरुवात करा.